पठारावरचं ग्राउंड : एका शिकाऊ उमेदवाराच्या प्रकल्प नोंदी

५ मे २०२५, सोमवार

करारावर सही झाली. शिकाऊ उमेदवार, व्यवसाय ‘माळी’, कृषी कौशल्य परिषदेच्या यादीत एजीआर/क्यू०८०१. कायदा १९६१ चा, अप्रेंटिसेस अ‍ॅक्ट. बारावी पासला २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ७,००० रुपये विद्यावेतन, त्यातले जास्तीत जास्त १,५०० केंद्राकडून थेट माझ्या खात्यात. बाबांनी दोनच गोष्टी विचारल्या : पीएफ कापतात का, आणि नंतर ठेवून घेणार का. पीएफ नाही, ठेवून घेण्याची हमीही नाही. शिकाऊ म्हणजे कामगार नव्हे, असं कायदाच म्हणतो. डिचोलीत खाणी चालू होत्या तेव्हा बाबांचा ट्रक होता. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्या, तेव्हापासून पक्क्या कमाईवर आमच्या घरात कोणाचा फारसा विश्वास उरलेला नाही. त्यामुळे वाद झाला नाही.

आवार पर्वरीच्या पठारावर. पूर्ण मापाचं फुटबॉल ग्राउंड (१०५ बाय ६८ मीटर), वसतिगृहांमधली हिरवळ, माडांच्या दोन ओळी, पिटकोळीची कुंपणं, शेडनेटखाली छोटी नर्सरी, मागे खताचा खड्डा. प्रत्येक शिकाऊला एकेक प्रकल्प वाटून दिलाय. माझ्याकडे ग्राउंडचा ईशान्य कोपरा आणि त्या बाजूचा गोल. पावसात तिथे पाणी तुंबतं, दिवाळीला तिथे नुसती माती असते. दर वर्षी गवत लावतात, दर वर्षी जातं.

मुकादमांनी सांगितलं, ‘गवताकडे नंतर बघ. आधी खाली काय आहे ते खणून बघ.’

८ मे, गुरुवार

खणलं. सेंटर सर्कलजवळ फावडं सरळ आत गेलं. कोपऱ्यात कुदळ मारली तर हातातून उडाली.

कोपऱ्यातल्या खड्ड्याची भिंत धुऊन काढल्यावर थर स्पष्ट दिसले. वर दोन बोटं मेलेल्या मुळांचा गुंता. त्याखाली वीत-दीड वीत लाल माती, कधीतरी बाहेरून आणून टाकलेली, इतकी दाबलेली की ढेकूळ फोडलं तर पापुद्रे सुटतात. हरळीची मुळं त्या पापुद्र्यांच्या फटींतून आडवी गेलेली, खाली एकसुद्धा नाही. आणि मग थेट चिऱ्याचा कातळ. जांभा पाणी पितो हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पण पाणी त्याच्यापर्यंत पोचायला तर हवं. दोन्ही खड्ड्यांत बादलीभर पाणी ओतलं. मधल्यातलं चहा होईपर्यंत जिरलं. कोपऱ्यातलं जेवून आलो तरी तसंच.

कारण विचारलं तर मुकादमांनी शेडमधल्या रोलरकडे बोट दाखवलं. सामन्याआधी ग्राउंड ‘सपाट’ दिसावं म्हणून ओल्या मातीवर तो फिरवायची इथली जुनी पद्धत. ओली माती दाबली की तिच्यातली हवा जाते, पुन्हा यायला वर्षं लागतात.

पीएच ५.३. गोव्यातल्या जमिनी बहुतेक आम्लच. अशा मातीत लोह आणि अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून बसतात, म्हणजे पोतं ओतलं तरी गवताला मिळत नाही. आम्लपणा कमी करायला डोलोमाइट मागवायचं ठरलं.

१३ मे, मंगळवार

दिवसभर ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचं यंत्र. आमच्या यंत्राला ५०:१, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक तेल. दुसऱ्या यंत्राला दुसरं प्रमाण असू शकतं, टाकीच्या झाकणावर बघायचं. चष्मा, गमबूट, कानाला मफ. चिऱ्याचा खडा उडून पोटरीवर बसला की चष्मा का लावायचा ते वेगळं शिकवावं लागत नाही.

झाडांच्या बुंध्याभोवती मात्र वीतभर पट्टा हातानेच काढायचा, विळ्याने. नायलॉनची दोरी बकुळीच्या, आंब्याच्या रोपाची साल सोलते. गोल फिरून सोलली की वर पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही आणि झाड दोनेक वर्षांत जातं. मग सगळे म्हणतात रोग पडला. माडाचं वेगळंच. त्याला सालीखाली वाढीचा थर नसतो, म्हणून तो असा मरत नाही, पण त्याची जखम कधी भरूनही येत नाही. आवारातल्या जवळजवळ प्रत्येक माडाला बुडाशी जुने चरे आहेत. सोंड्या भुंगा अंडी घालायला अशाच जागा शोधतो.

१९ मे, सोमवार

चर मारायला सुरुवात. रुंदी ३० सेंटिमीटर, खोली ४५. तळाशी भोकांचा ११० मिमी पीव्हीसी पाइप, भोकं खालच्या बाजूला (पाणी खालून वर चढत पाइपात शिरतं, हे कळायला मला चित्र काढावं लागलं), भोवती २० मिमी खडी, वर जाड रेती. कापड पाइपला गुंडाळायचं नाही, चराला आतून लावायचं. पाइपवरचं कापड गाळाने लवकर बंद होतं.

उतार शंभराला एक. लेव्हल पाहायला मशीन मागवतील असं वाटलं होतं. मुकादमांनी पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक माझ्या हातात दिलं आणि खुंटीवर पेन्सिलने रेघ मारली. तीस मीटरवर दोघांच्या रेघा जुळल्या.

चर उलटा खणतोय असं मला वाटत होतं, कारण काम कोपऱ्यापासून नाही, बाहेरच्या गटारापासून सुरू केलं. तिथून वर वर येत कोपऱ्याकडे. जेसीबीवाल्यालाही ते पटलं नाही. त्याला यंत्र आत नेऊन बाहेर खणत यायचं होतं. त्याला परत पाठवला. नाहीतरी जेसीबीच्या वजनाने उरलेली माती दाबली गेली असती. माणसं लावली, कातळ लागला तिथे ब्रेकर.

२५ मे, रविवार

सुट्टी, पण आले. काल केरळात, आज गोव्यात मॉन्सून लागल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. त्याआधीचे चार-पाच दिवस वळीव झोडपतच होता. आमचं सगळं नियोजन ५ जूनच्या हिशेबाने. गावात लोकांचे पुरुमेंताचे (पावसाळ्याच्या बेगमीचे) सोले, मिरच्या अंगणातच भिजल्या, तर आमचा चर अर्धा राहिला यात नवल काय!

पण अर्धा चर चालत होता. छत्री घेऊन बघत उभी राहिले. खालचं टोक गटाराला जोडलेलं असल्यामुळे जेवढा खणलाय तेवढा पाणी बाहेर काढत होता, खडी धुऊन निघाली होती, पाइपच्या तोंडातून लालसर धार. वरून सुरुवात केली असती तर तो नुसता लांब खड्डा झाला असता आणि खणलेली सगळी माती परत आत. मुकादम मातीच्या ढिगावर ताडपत्री ओढत होते. म्हणाले, ‘पावसाक कोण सांगतलो?’

३० मे

उरलेला चर पावसातच पुरा केला. उघडीप मिळेल तेव्हा दोन-तीन मीटर खणायचं आणि तेवढंच लगेच भरून टाकायचं. संध्याकाळी उघडा चर ठेवायचा नाही. वरची रेती कमी पडली. नदीच्या रेतीची परवान्यांची भानगड, मिळते ती दगडाची चुरी, तीही धूळ घेऊन येते. चाळून, धुऊन वापरली. धुण्यात दोन माणसांचा दिवस जातो, हे कोणी अंदाजपत्रकात धरत नाही.

१० जून

गोलपुढच्या उघड्या जागेत गवत लावायचं नाही, असं ठरलं. ऑफिसमधून विचारणा झाली, पावसात नाही लावायचं तर कधी? प्रश्न रास्त आहे, कारण झाडं लावायचा मोसम हाच. पण हरळीला ऊन लागतं. जून-जुलैच्या अंधारात ती जगते, पसरत नाही. आणि तेवढ्यात रुंद पानांचं रानगवत जागा बळकावतं. त्याऐवजी नर्सरीमागच्या उंच वाफ्यात हरळीचे दोन-तीन पेरांचे तुकडे १० ते १५ सेंटिमीटरवर टोचले. तिथे निचरा आहे, तण हाताने काढता येतं. सप्टेंबरात तिथूनच गवताचे गालिचे कापून गोलसमोर बसवायचे.

युरिया बंद. या पावसात टाकलेला युरिया गटारात जातो.

२४ जून, सांजाव (सेंट जॉनचा सण)

शेजारच्या वाड्यावरची मुलं सकाळीच फाटकाशी, कोपेल, म्हणजे डोक्यावर घालायचा पानाफुलांचा मुकुट, करायला वेली हव्यात. मुकादमांनी माझ्याकडे पाठवलं. ही बहुधा परीक्षाच होती. अलामांडा नको, चीक अंगाला लागला तर खाज. पिवळी कण्हेर अजिबात नको. कळलावी तर बघायलाही दिली नाही, कंदापासून फुलापर्यंत विषारी. पिटकोळी, क्रोटन, जास्वंद, नेच्याची पानं हवी तितकी न्या म्हटलं. कुंपणाची छाटणी आपोआप झाली.

७ जुलै

आज माशेलला चिकलकालो, चिखलात खेळायचा उत्सव. देवळासमोरच्या मैदानात चिखल व्हावा म्हणून लोक पावसाची वाट बघतात आणि मी इथे सहा आठवडे चिखलाविरुद्ध लढतेय. वसतिगृहातल्या मुलांनी ‘आम्ही पण थोडं लोळतो’ म्हणून अर्ज केला. लेखी अर्ज! मुकादमांनी मागची पडीक जागा दिली, ग्राउंड नाही.

कोपऱ्यात पाणी साचतं, पण पाऊस थांबल्यावर तासाभरात उतरतं. चराच्या दोन्ही बाजूंना मीटरभर पट्टा कोरडा, त्यापलीकडे अजून पचपचीत. म्हणजे एक चर पुरणार नाही.

२२ जुलै

ग्राउंडच्या पश्चिमेच्या ओळीतल्या माडांच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यागत दिसतात. गेंडा भुंगा. कोंबातल्या न उघडलेल्या पानाला तो भोक पाडतो, पान उघडलं की ते भोक नक्षी होऊन दिसतं. म्हणजे आज दिसतंय ते नुकसान जुनं.

पाडेली (नारळ पाडणारा) वर चढला, लोखंडी आकड्याने दोन भुंगे ओढून काढले, वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत रेती आणि डांबरगोळ्या टाकल्या. हे सगळीकडे करतात. पण भुंगा माडावर जन्मत नाही, कुजलेल्या शेणखतात जन्मतो. आमचा खताचा खड्डा त्या ओळीपासून हाकेच्या अंतरावर. उपसला. फावड्यागणिक अळ्या, अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोलात वळलेल्या, डोकं तपकिरी. काही जमिनीवर पडल्या पडल्या कोतवाल पक्ष्याने उचलल्या. खत चाळून दुसरीकडे हलवलं, उरलेल्यात मेटारायझियम बुरशी मिसळली. ती अळ्यांना लागते आणि त्या हिरव्या पडून मरतात.

पाडेलीला विचारलं, तुमच्या मुलाला शिकवलंत का? हसला. तो मडगावात मोबाइल दुरुस्त करतो. सामन्यांच्या आधी ग्राउंडकडेचे नारळ उतरवलेच पाहिजेत, प्रेक्षक तिथेच सावलीला बसतात. हा गेला तर कोणाला बोलवायचं, याचं उत्तर आवारात कोणाकडे नाही.

२५ ऑगस्ट

चवथीची रजा उद्यापासून. वर्गात झाडांची शास्त्रीय नावं चालू आहेत, आणि माटोळी (गणपतीवर टांगायची रानफळा-पानांची आरास) हा त्याचा तयार धडा : कांगलां, घागऱ्या, कवंडळं, माट्टी. माट्टी म्हणजे टर्मिनालिया एलिप्टिका, सह्याद्रीपलीकडे ऐन म्हणतात. आजी ही सगळी झाडं पाठमोरी ओळखते. अलीकडे बाजारात विकायला आणणारे अख्खी वेल उपटून आणतात. आजी फक्त फळाचा घोस तोडते, पुढच्या वर्षीही त्याच जागी जायचं असतं म्हणून. छाटणी कुठे थांबवायची ते तिच्याकडून शिकावं.

१५ सप्टेंबर

ऊन पडतंय. कामाचा डोंगर.

पोकळ दातांच्या फाळक्याने कोपऱ्यात भोकं पाडली. प्रत्येक दाबाला बोटाएवढी मातीची कांडी बाहेर. पहिल्या कांड्या घट्ट, चराच्या जवळच्या भुसभुशीत, आणि त्यांच्यात पांढरी नवी मुळं! कांड्या गोळा केल्या, भोकांत धुतलेली चुरी झाडूने लोटली.

गालिचे कापून गोलसमोर बसवले. वाफ्यात गवत दाट आलंय, पण कापताना मुळं दोन बोटंच घ्यायची; जाड कापलं तर ते आपल्याच मातीत आरामात राहतं, खाली जात नाही. सांधे विटांच्या भिंतीगत तोडून, मध्ये चुरी. वरून फळी ठेवून हलके ठोके. रोलर नाही.

मशीनची उंची पाहून घेतली. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. चवथीच्या रजेत गवत गुडघ्याखाली आलेलं, स्पोर्ट्सच्या सरांना ते एका दिवसात खाली हवं होतं. टप्प्याटप्प्याने उतरवलं. एकदम भादरलं की हिरवा भाग जातो, खालचे पिवळे दांडे उरतात, आणि ते पुन्हा हिरवे व्हायला मुळांतलं साठवलेलं खर्चतं.

६ ऑक्टोबर

रेघा आखणं. चुन्याची कळी नाही वापरायची, गवत आणि खेळाडूंची कातडी दोन्ही जळतात. खडूची भुकटी, चाकाच्या डब्यातून. काटकोनासाठी ३-४-५ ची दोरी. पेनल्टी एरिया १६.५ मीटर आत, रुंदी ४०.३. शाळेत पायथागोरस ज्या कंटाळ्याने पाठ केला, त्याचा हा मोबदला.

पूर्वेच्या गोलवर सकाळी सावली पडते म्हणून दोन माड काढून टाकावेत, अशी सूचना बैठकीत आली. मुकादमांनी १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा काढला. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०१६ मध्ये माडाला या कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं, तेव्हा गोव्यात केवढा गदारोळ झाला होता! २०१७ मध्ये माड परत ‘झाड’ ठरला. विषय तिथेच संपला. माझ्या मते दोन माडांची सावली ही अडचणच नव्हती. बैठकीत काहीतरी बोलायचं असतं.

२७ ऑक्टोबर

सरांशी खडाजंगी. नवे गालिचे धरू लागलेत, हाताने ओढलं तर येत नाहीत, पण गोलकीपरच्या बुटाने येतील. सरांना रोजचा सराव त्याच गोलवर हवा. त्यांचंही बरोबर : ग्राउंड खेळायला असतं, बघायला नव्हे. तोड अशी निघाली की सरावासाठी हलते गोल घ्यायचे आणि दर आठवड्याला जागा बदलायची; पक्क्या गोलवर फक्त सामने. शॉटचा सराव साइडलाइनकडे. झीज होणारच, ती एका जागी न होता वाटली जाईल. सरांनी लगेच मान्य केलं नाही. मुकादमांनी त्यांना कोपऱ्यात नेऊन नुसतं चालायला लावलं, आणि मग दुसऱ्या टोकाला. पायाखाली फरक कळतो. मान्य झालं.

१८ नोव्हेंबर

आता पाण्याचं. पावसाळाभर पाणी बाहेर काढायचं, आणि आता पुढचा पाऊस येईपर्यंत ते पुरवून वापरायचं. ग्राउंडला सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं पाणी, म्हणून रात्रीच सोडायचं, खेळाडू असताना नाही, आणि नळांवर ‘पिण्यासाठी नाही’ अशा पाट्या, तीन भाषांत.

स्प्रिंकलर सारखं पाणी टाकतात का ते बघायला कँटीनमधून बिस्किटांचे रिकामे डबे आणले, चौकडीत ठेवले, वीस मिनिटं पाणी सोडलं आणि पट्टीने मोजलं. नोझलच्या पायाशी डबा भरत आलेला, दोन नोझलच्या मधल्या डब्यांत तळ जेमतेम ओला. म्हणजे मधला भाग पिवळा दिसतो म्हणून सगळं जास्त वेळ चालवायचे आणि पायाशी चिखल व्हायचा. एका डोक्यात वाळूचा खडा अडकला होता, दुसरं वाकलं होतं. दुरुस्त करून पुन्हा डबे मांडले. आता फरक बराच कमी.

रोज थोडं पाणी देण्याऐवजी दोन-तीन दिवसांआड भरपूर, म्हणजे मुळं खाली जातात. ऑफिसला मात्र रोज फवारा उडताना दिसला की काम चालू आहे असं वाटतं.

९ डिसेंबर

कोपऱ्यात पुन्हा खड्डा खणला, मे महिन्यातल्या जागेच्या शेजारी. मुळं १२ सेंटिमीटरपर्यंत सरळ खाली, भोकं पाडली तिथे अजून खोल. पापुद्रे अजून आहेत, पण तुटलेले. बादलीचं पाणी चहापर्यंत नाही, तरी जेवणाआधी गेलं. पीएच ५.८.

गोलसमोर गवत आहे. विरळ, दोन ठिकाणी टक्कल, पण आहे. सामने झाले.

मूल्यमापनाला प्रात्यक्षिक आणि तोंडी दोन्ही असतं म्हणतात. मुकादम सराव म्हणून जेवताना एकदम विचारतात : मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणात (बुरशीनाशकात) लोखंडी खिळा का बुडवायचा? तांब्याचा लाल थर चढला तर चुना कमी आहे, अजून घालायचा. आणि लोखंडी बादली का नाही? त्याच कारणाने.

दुसऱ्या चराचं अंदाजपत्रक करायला मला सांगितलंय, पहिल्याला समांतर, पाच मीटर आत. पाइप, कापड, खडी, चुरी, चुरी धुण्याची मजुरी (यंदा वेगळी ओळ), ब्रेकरचं भाडं, ताडपत्र्या. काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू, मे उजाडायच्या आत पुरं. पाइपचे दर दोन दुकानांतून मागवलेत. म्हापशाचा आला, पणजीचा अजून यायचाय.